घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखणारा तक्ता : वर्षभराच्या वापरानंतर

'हॉर्स ग्रिमेस स्केल' ही चेहऱ्यावरून घोड्याची वेदना मोजण्याची पद्धत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा छापील तक्ता गेले वर्षभर माझ्या तबेल्यात लावलेला आहे. ताठरून मागे वळलेले कान, आक्रसलेल्या पापण्या, डोळ्यावरच्या भागातला ताण, जबड्याचे फुगून आलेले स्नायू, आवळलेले तोंड व उठून दिसणारी हनुवटी आणि ताणलेल्या नाकपुड्या, अशा सहा खुणांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे असतात.

घोडीने कान पाडले की ती चिडली, असे मी वर्षानुवर्षे धरून चालत होतो. एकदा सकाळी खरारा करण्यापूर्वी तक्त्याप्रमाणे दुरूनच पाहिले, तेव्हा तिचे कान ताठ होते, पापणी अर्धी मिटलेली होती आणि जबड्याच्या स्नायूची कड हात न लावताही स्पष्ट दिसत होती; बारापैकी पाच गुण झाले. पशुवैद्यांनी तोंड उघडून पाहिले, तर वरच्या दाढेच्या धारदार कडेने गाल आतून सोलला होता. ती चारा खात होती, फक्त सावकाश, आणि तेवढ्यावरून मला काहीच कळले नसते. दाढ घासल्यानंतर काही दिवसांतच चेहरा सैलावला.

उणिवाही सांगायला हव्यात. ही पद्धत खच्चीकरणाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या घोड्यांवरून बेतलेली आहे. पेंगुळलेल्या घोड्याचे गुण फसवू शकतात, शिवाय दुखते कुठे हे ती सांगत नाही. स्वारीखालच्या घोड्यासाठी २४ वर्तनांची वेगळी यादी आहे, त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसल्यास स्नायू वा सांध्यांच्या दुखण्याची शंका घ्यावी, आणि स्वारी करणाऱ्याने तीच वापरावी. पोटशुळात तर गुण मोजत बसूच नये. घोडा पायाने जमीन उकरत असेल, कुशीकडे वळून वळून पाहत असेल, लोळत असेल किंवा विश्रांतीतली नाडी नेहमीच्या मिनिटाला २८ ते ४४ ठोक्यांच्या वर गेली असेल, तर पशुवैद्यांना तत्काळ बोलवावे. त्यांना विचारल्याशिवाय वेदनाशामक देऊ नये, कारण त्याने लक्षणे झाकली जातात.

तक्त्यातली छायाचित्रे मात्र मोठी छापून घ्यावीत. लहान आकारात नाकपुड्यांच्या खुणेतला एक आणि दोन गुणांमधला फरक मला अजूनही नीट दिसत नाही.