रामबागेतला पॅटर्नचा वर्ग: टक्समध्ये पहिला नंबर, बाहीत काठावर पास

इंदुरात शिवणवर्ग गल्लोगल्ली आहेत, पण बहुतेक ठिकाणी शिकवतात ते ‘कटिंग’. कापडाची चौघडी घालायची, छातीचा चौथा भाग अधिक माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड), गळ्याला छातीचा बारावा भाग, मुंढ्याला (बाही जोडतात त्या गोलाईला) सहावा आणि वर इंचभर, की खडूच्या रेघा थेट कापडावर. रामबागेच्या बाजूला पहिल्या मजल्यावर भरणारा हा तीन महिन्यांचा वर्ग कागदापासून सुरू होतो. आधी आपल्या मापाचा बेसिक ब्लॉक, म्हणजे कागदावरचा साधा मूळ नमुना, मग त्यावरून हवा तो ब्लाउज किंवा कुर्ता. वर्गाचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे तक्रारीही आहेत, आणि या पद्धतीच्या दुसऱ्या कुठल्याही वर्गाला त्याच कसोट्या लावता येतील.

आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास, एकूण छत्तीस तासिका. मापं घेण्याला तीन, ब्लॉकला सहा, मांजरपाटाच्या चाचणीला (ब्लॉक साध्या सुती कापडात शिवून अंगावर बघायला) दोन, टक्स (कापडाला अंगाचा आकार देणाऱ्या निमुळत्या चिमटी) फिरवण्याला बारा, गळे-कॉलरला पाच, बाहीला चार, सलवार-पँटला चार. हे वाटप पाहिलं की वर्गाचं बळ कुठे आणि दुखणं कुठे, ते लगेच कळतं.

हिशेबाच्या कटिंगचा दोष काय, हे पहिल्याच दिवशी चांगलं दाखवतात. दोन बायकांची छाती ३६ इंच. एकीची काखेखालून घेतलेली वरची छाती ३५ आणि पाठीची रुंदी साडेचौदा. दुसरीची वरची छाती ३२ आणि पाठ १३. सूत्राला फक्त ३६ दिसतात, म्हणून दोघींना एकच ब्लाउज निघतो. पहिलीला तो पाठीत काचतो. दुसरीला पुढून ओढतो आणि खांद्यावर लोंबतो. शिंपी मग दोन्हीकडे बाजूची शिवण दाबतो किंवा उसवतो, आणि ज्या जागेत चूक नव्हतीच ती बिघडवतो.

मापं सोळा घेतात. कमरेला नाडी बांधून, रोजच्या आतल्या कपड्यांवर, एका मुलीने दुसरीची. नाडीचा आग्रह बरोबर आहे. कंबर कुठे धरायची हे ठरलं नाही तर मानेपासून कमरेपर्यंतचं माप प्रत्येक वेळी वेगळं येतं. छातीचं माप घेताना टेप पाठीवर खाली घसरते, ती आरशात बघायला लावतात. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगत नाहीत. अपेक्सची (छातीच्या सर्वांत पुढे आलेल्या बिंदूची) उंची गळ्याच्या कडेपासून मोजायची की खांद्याच्या मध्यापासून? दोन्ही पद्धती चालतात, पण एका पद्धतीने मोजून दुसरीने आखलं की टक्सचं टोक भलतीकडे जातं. वहीत मापाशेजारी ‘कुठून’ हेही लिहून ठेवा.

ब्लॉकची आखणी नीट आहे. छाती ३६, त्यात सैलपणा २ इंच, म्हणजे ३८. त्याचे अर्धे १९. हे १९ पुढे-मागे सारखे वाटत नाहीत: पुढे पावणेदहा, मागे सव्वानऊ. कंबर ३० अधिक १, अर्धे साडेपंधरा. पुढे ८, मागे साडेसात. दोन्ही भागांत छाती-कमरेचा फरक पावणेदोन इंच येतो. त्यातला अर्धा इंच बाजूच्या शिवणीत जातो, उरलेला सव्वा इंच कमरेच्या टक्समध्ये. हा हिशेब एकदा हातात बसला की ‘टक्स किती घ्यायचा’ हा प्रश्न अंदाजाचा राहत नाही. ब्लॉकला माया लावू देत नाहीत, तेही योग्यच. माया असलेल्या ब्लॉकवर टक्स फिरवला तर कापायची रेघ आणि टिपेची रेघ यांचा घोळ होतो. माया शेवटी: बाजूला १ इंच, मुंढ्याला अर्धा, गळ्याला पाव.

आता टक्स. या बारा तासिकांसाठीच वर्ग लावावा. पाव आकाराचे ब्लॉक जाड कागदावर कापून देतात आणि वहीभर त्यांची उलटापालट करायला लावतात: कमरेचा टक्स खांद्यावर, मुंढ्यात, बाजूला, गळ्यात. दोन्ही रीती शिकवतात, कागद कापून उघडायची आणि अपेक्सवर टाचणी रोवून फिरवायची. कापताना अपेक्सपाशी कागदाचा एक धागाभर सांधा ठेवायचा. तो तुटला की दोन तुकडे सरकतात आणि माप जातं.

इथे नवशिक्यांची हमखास होणारी चूक अशी की टक्स हलवल्यावर त्याचं तोंड जुन्या मापाचं धरतात. टक्सचा कोन बदलत नाही, तोंड बदलतं. कमरेपासून अपेक्स ६ इंचांवर असेल आणि तिथे टक्स सव्वा इंचाचा असेल, तर अपेक्सपासून ९ इंचांवर असलेल्या खांद्याच्या शिवणीत तोच टक्स दोन इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी इतका उघडतो. मुली घाबरतात, ‘इतका मोठा कसा?’ म्हणून तो सव्वा इंचावर आणतात, आणि पुढचा भाग छातीवर सपाट होतो. बाई हे पट्टी ठेवून दाखवतात. असं दाखवणारी शिक्षिका सहज मिळत नाही.

दुसरी गल्लत टोकाची. कागदावर टक्स नेहमी अपेक्सपर्यंत उघडायचा. टीप मात्र अर्धा ते पाऊण इंच अलीकडे थांबवायची, छाती भरलेली असेल तर इंचभर. कागदच अलीकडे थांबवून उघडला तर तो सपाट बसत नाही, फुगतो. आणि टीप अपेक्सपर्यंत नेली तर कापडाला शंकूसारखं टोक येतं. टोकाशी उलटी टीप घेऊ नका, शेवटचे तीन-चार टाके अगदी घडीवर घ्या, धागा लांब सोडून हाताने गाठ मारा, हेही सांगतात. टक्स ज्या बाजूला इस्त्री करणार त्या बाजूला कागद दुमडूनच शिवणीची कड कापायची, नाहीतर टक्सच्या तोंडाशी कापड अपुरं पडतं. प्रिन्सेस कट (छातीवरून जाणारी लांब वळणदार शिवण) आणि कटोरी (छातीचा वाटीसारखा वेगळा तुकडा) याच ओघात येतात: टक्स कुठे नाहीसा होत नाही, शिवणीत विरतो. प्रिन्सेसच्या दोन तुकड्यांना अपेक्सच्या दोन इंच वर आणि दोन इंच खाली खाचा पाडायला लावतात. त्या नसल्या तर छातीवरचा बाक सरकून टाके गोळा होतात.

इथवर पैकीच्या पैकी. मांजरपाटाच्या चाचणीला मात्र दोनच तासिका, अकरा मुली, एक बाई. एकीच्या वाट्याला वीस मिनिटं येतात, त्यात टाचण्या लावणं, खुणा करणं, कागदावर उतरवणं सगळं. ब्लॉक बरोबर आहे की नाही हे अंगावर चढवल्याशिवाय कळत नाही, आणि नेमकं तेच इथे घाईत उरकतात. बारा तासिका टक्सला देणाऱ्यांनी त्यातल्या तीन इकडे वळवायला हव्यात.

वर्ग लावलाच तर ही कसर घरी भरून काढा. दोन मीटर मांजरपाट घ्या (महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात थानातून कापून देणारा गाठा), धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाचपर्यंत आटू शकतं, मुख्यतः उभ्या धाग्यात. छातीची, कमरेची आणि मधली उभी रेघ पेनाने आखा. मोठ्या टाक्याने शिवा. अंगावर घातल्यावर आधी या रेघा बघा: छातीची रेघ पुढून वर चढली असेल तर पुढच्या भागाला लांबी कमी पडते आहे.

मग झोल वाचायचे. ताणलेली सुरकुती जिथे कापड कमी आहे तिकडे बोट दाखवते. सैल घडी म्हणजे तिथे कापड जास्त. अपेक्सपासून बाजूकडे ताण जात असेल तर छातीला जागा हवी. मानेच्या मागे खाली आडवी घडी पडत असेल तर खांदे चौकोनी आहेत. गळ्याच्या कडेपासून काखेकडे तिरपी सैल घडी असेल तर खांदे उतरते. पाठीला कमरेच्या वर आडवी घडी दिसली तर पाठीत बाक आहे, मागची लांबी मध्यभागी कमी करायची, बाजूला नाही. हे चार झोल ओळखता आले तरी निम्मं काम झालं. वर्गात तक्ता भिंतीवर लावलेला आहे, समजवायला वेळ नाही.

भरलेल्या छातीची दुरुस्ती पाठ्यक्रमात आहे, पण एका दिवसात संपते. पाश्चात्त्य छापील पॅटर्न सहसा वरच्या आणि पूर्ण छातीत दोन इंच फरक धरून आखलेले असतात. वरची छाती ३४, पूर्ण ३८, म्हणजे फरक चार. अशा वेळी ब्लॉक ३६चा घ्यायचा आणि उरलेले दोन इंच फक्त पुढच्या भागात, अर्ध्या पॅटर्नला एक इंच वाढवायचं. कमरेपासून अपेक्स, अपेक्सपासून मुंढ्याचा खालचा तिसरा भाग, आणि बाजूपासून अपेक्स, असे तीन काप. सरळ ३८चा ब्लॉक काढला तर छाती बसते, पण खांदा आणि गळा मोठा होतो. ‘ब्लाउज खांद्यावरून घसरतो’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

बाही हे या वर्गाचं कच्चं अंग. बाहीच्या डोक्याची (वरच्या गोलाईची) उंची छातीच्या बाराव्या भागावरून देतात; प्रत्यक्ष मुंढा मोजायला लावतच नाहीत. वर्गाच्या सुरुवातीला सूत्राला नावं ठेवायची आणि बाहीपाशी येऊन पुन्हा सूत्रच हातात द्यायचं, हे पटत नाही. परिणाम असा की एकीची बाही मुंढ्यापेक्षा दोन इंच मोठी होऊन खांद्यावर चुण्या पडतात, दुसरीची ओढून बसवावी लागते. योग्य रीत साधी आहे. टेप कडेवर उभी धरून मुंढा पुढचा आणि मागचा वेगवेगळा, टिपेच्या रेघेवर मोजा. समजा एकूण १७ आला. सुती ब्लाउजला बाहीच्या डोक्याची वळणरेघ त्याहून अर्धा ते पाऊण इंच जास्त पुरते, जाड लोकरी कापडाला इंच-दीड इंच. वळणाची लांबी तीच ठेवून डोकं उंच केलं की बाही दंडात अरुंद होते आणि हात खाली असताना सुरेख पडते. डोकं बसकं केलं की रुंद होते आणि हात मोकळा हलतो. पुढचं वळण मागच्यापेक्षा जास्त खोल; पुढे एक खाच, मागे दोन.

आणि ‘हात वर केला की सगळा ब्लाउज वर येतो’ या तक्रारीवर वर्गातलं उत्तर ‘मुंढा अर्धा इंच उतरव’ असं आहे. हे उलटं आहे. मुंढा जितका खोल, तितका हात उचलताना बाजूची शिवण वर खेचली जाते. मुंढा काखेजवळ राहू द्यायचा आणि दंडाला रुंदी द्यायची. काखेत काचत असेल तर आधी पाठीची रुंदी तपासा.

साहित्याचा संच वर्गच विकतो. घेऊ नका. फ्रेंच कर्व्ह ठीक आहे, एल-स्केलचा काटकोनही बरोबर, पण टेप कापडी आहे आणि ओढल्यावर लांबते. फायबरग्लासची टेप वेगळी घ्या आणि दुकानातच लोखंडी पट्टीला लावून बघा. काही टेपांचं पहिलं पात बसवताना शून्यच सरकलेलं असतं. राजवाड्याच्या आसपास शिवणसाहित्याची दुकानं आहेत, तिथे सुट्या वस्तू मिळतात. खाकी कागद तावांऐवजी गुंडाळीत घ्या, कुर्त्याला सांधे लावावे लागत नाहीत. इंच आणि सेंटीमीटर मिसळू नका: इंचाला अडीच सेंटीमीटर धरून ४० इंच मोजले तर १.६ सेंटीमीटरचा घाटा येतो, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त.

शिकवणं मराठी-हिंदीच्या इंदुरी मिश्रणात चालतं. खांद्याला ‘तीरा’, मुंढ्याला ‘मुड्ढा’, मायेला ‘दबाव’. चार दिवसांत सवय होते, पण नोट्स उतरवताना एकच शब्द धरा. एका वहीत ‘दाब’ आणि ‘दबाव’ दोन वेगळ्या मापांना लिहिलेले दिसले.

महेश्वरी आणि चंदेरीवरचा एक तास अनपेक्षितपणे चांगला निघाला. या विणीत घट्ट फिटिंगचा ताण आला की शिवणीशी धागे सरकतात, म्हणून ब्लॉकचा सैलपणा अर्धा-पाऊण इंच वाढवा, अस्तर वरच्या कापडाला कच्च्या धावदोऱ्याने जोडून दोन्ही मिळून एकच तुकडा समजून शिवा, आणि ताण अस्तरावर जाऊ द्या. माया पाव इंचावर कधीही आणू नका.

सुई-मशीन ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी हा वर्ग नाही. सरळ टीप आणि गळ्याची पट्टी जमत असेल तरच जा. सलवार-पँटच्या चार तासिका जेमतेम तोंडओळखीच्या आहेत, आसनाचं (दोन पायांमधल्या शिवणीचं) वळण तेवढ्यात बसत नाही. प्रवेश घेण्याआधी तुकडीत किती जणी असतील आणि मांजरपाट एकदाच अंगावर चढणार की दुरुस्तीनंतर पुन्हा, हे विचारून घ्या. आठांहून कमी मुली असलेली दुपारची तुकडी मिळाली तर तीच धरा. फी महिन्यामहिन्याला घेतात, त्यामुळे टक्सपर्यंत शिकून थांबायचीही सोय आहे. पक्का झालेला ब्लॉक खाकी कागदावर ठेवू नका, पावसाळ्यात तो सर्द होऊन माप सोडतो. जाड कार्डशीटवर उतरवा, अपेक्सला भोक पाडा, वर तारीख आणि छाती-कंबर लिहा, आणि गुंडाळी न करता खिळ्याला टांगा.