जालन्यातला दृढीकरणाचा वर्ग: लेकरांना घालावं का?

नात्यातल्या दोघी-तिघींनी विचारलं म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दृढीकरणाआधी (लहानपणी बाप्तिस्मा झालेलं लेकरू मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करतं, तो विधी) जो वर्ग चालतो, त्यात लेकरांना जरूर घाला. माझी मुलगी नुकतीच तो पूर्ण करून आली. आमच्या लहानपणी विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाचा कबुलीपाठ), दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना पाठ झाली की वर्ग संपायचा. बिशपसाहेब येऊन डोक्यावर हात ठेवायचे आणि पुढच्या रविवारपासून आम्हाला कुणी काही विचारायचं नाही. पाठांतर आताही आहे, ते असावंच. पण खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं.

प्रत्येक लेकरामागे मंडळीतलं एक मोठं माणूस दिलेलं असतं. माझ्या मुलीला एक काका मिळाले, रोलिंग मिलमध्ये फिटर होते, आता निवृत्त आहेत. आठवड्यातून एकदा आमच्याच ओसरीवर बसायचं, एक उतारा वाचायचा आणि पुस्तक मिटून तो आपल्या शब्दांत सांगायचा. ती आधी पुस्तकी बोलायची. काका म्हणायचे, "लेकरा, मला वाचून नको दाखवू. त्या माणसाला काय झालं ते सांग की." येशूनं सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला (पैसा उडवून परतलेल्या धाकट्याला बाप जवळ घेतो, घरी राहिलेला थोरला रुसतो) तिनं ज्या दिवशी मोठ्या भावाच्या बाजूनं सांगितला, त्या दिवशी मी स्वयंपाक सोडून दारात येऊन उभी राहिले.

मग तिला शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या बालवर्गात, लहान मुलांसमोर उभं केलं. काका मागच्या बाकावर बसून असायचे. एकदा तिनं बायबलमधल्या मोशे आणि यहोशवा यांची गल्लत केली, पण काका तिथं काही बोलले नाहीत. उपासना संपल्यावर बाजूला घेऊन समजावलं, आणि पुढच्या रविवारी तिनं स्वतःच मुलांसमोर दुरुस्ती केली. मला ही पद्धत फार मोलाची वाटते आणि ती शास्त्रातलीच, म्हणजे बायबलमधलीच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या १८व्या अध्यायात अपुल्लो नावाचा उपदेशक इफिसच्या यहुदी सभास्थानात मोठ्या धैर्यानं बोलतो, पण त्याला फक्त येशूआधी आलेल्या योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक असतो, म्हणजे त्याचं ज्ञान अपुरं असतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपं त्याला भरसभेत अडवत नाही, जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट उलगडून सांगतं. दोघंही तंबू करणारी, हातावर पोट असलेली माणसं. शिकवायला पदवी लागते असं आपल्याकडे ज्यांना वाटतं, त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

वर्गाचा पाया म्हणजे प्रेषित पौलानं आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं २:२ हे वचन. माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांवर सोपव, म्हणजे ती आणखी इतरांना शिकवतील, असं पौल तिथं सांगतो. पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, इतर: एका वचनात चार पिढ्या. म्हणून वर्ग संपला तरी मुलीची सुटका नाही, आता तिच्याकडे सातवीतली एक पोरगी दिली आहे. त्याच पत्राच्या सुरुवातीला तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण आहे, त्यामुळे आयांनाही अधूनमधून बोलावतात. जा, टाळू नका.

वर्गाची एक सहल बेथेलला असते. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं हे ख्रिस्ती गाव. जन्मानं ते ब्राह्मण, आणि त्यांच्या हातून विश्वासात आलेली बहुतेक माणसं मांग समाजातली. आपल्या कितीतरी घरांचा विश्वास असाच कुणीतरी कुणाजवळ तरी बसून शिकवल्यामुळे इथवर आला आहे, हे लेकरांना तिथं उभं राहून सांगायला हवं. यंदा मात्र फोटो काढून, डबा खाऊन सगळे परत आले. निदान अर्धा दिवस तरी द्या, ही माझी मागणी आहे.

दुसरी तक्रार पुस्तिकेची. भाषा इतकी जड की "नीतिमान ठरणे" (देवापुढे निर्दोष गणलं जाणं) समजावता समजावता संध्याकाळ जाते. ना. वा. टिळकांची भजनं मुलांना जास्त लवकर कळतात, पेटी-तबल्यावर ती म्हणूनही घेतात, पण पुस्तिकेत एकही नाही. शिवाय मुलींना सोबत करायला बाया कमी पडतात. आमचे काका ओसरीवर सगळ्यांसमोर बसत, दार उघडं असे, म्हणून मी निश्चिंत होते. सगळ्या वर्गासाठी तसा नियमच करावा आणि मुलींना शक्यतो बाईच द्यावी, हे मी पाळकसाहेबांना सांगितलं आहे.

फी नाही, फक्त पुस्तिकेचे पैसे. वर्ग शनिवारी संध्याकाळी असतो, त्यामुळे अंबड-बदनापूरकडच्या लेकरांची परतीची एसटी चुकते. तुम्ही तिकडचे असाल तर नाव देतानाच रविवारच्या उपासनेनंतरची वेळ मागून घ्या. दहावीच्या वर्षी नको, नववीतच घाला.