जीमॅटच्या क्लासने दिलेली स्कोअरची हमी

जीमॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेची, तयारी करताना एका ऑनलाइन क्लासने मला फसवलं. क्लासचं नाव देऊन उपयोग नाही, असे क्लास रोज नवं नाव लावतात. पद्धत तेवढी ओळखून ठेवा.

जाहिरातीत चांगल्या स्कोअरची, नाहीतर पैसे परत देण्याची हमी होती आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची स्कोअरकार्डं होती: ७२०, ७४०, ७७०. परीक्षेच्या तारखा जून-जुलै २०२४ च्या. ही कार्डं बनावट आहेत हे त्या आकड्यांवरूनच कळतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमॅट फक्त नव्या स्वरूपात होते. तिचा एकूण स्कोअर २०५ ते ८०५ असतो आणि दहा-दहाने वाढतो, म्हणजे शेवटचा आकडा कायम ५. शून्यावर संपणारे स्कोअर जुन्या परीक्षेचे. नव्याने तयारीला लागलेल्याला हे कोण सांगणार? त्यावरच तर यांचा धंदा चालतो.

पैसे भरल्यावर हातात आलं ते जुन्या पुस्तकांतून उचललेलं साहित्य. व्हर्बलमध्ये (इंग्रजीच्या विभागात) पानंच्या पानं सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्यातली चूक सुधारण्याचे प्रश्न, क्वांटमध्ये (गणिताच्या विभागात) भूमिती. नव्या परीक्षेत ही दोन्ही नाहीत. उलट डेटा इनसाइट्स हा तक्ते-आलेख वाचून माहितीचा अर्थ लावण्याचा विभाग, ज्याचे ४५ मिनिटांत २० प्रश्न असतात आणि ज्याला बाकी दोन विभागांइतकंच वजन आहे, त्याच्यासाठी चार पानांची पीडीएफ.

त्यांच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, मात्र माझा स्कोअर चढत गेला. खऱ्या परीक्षेत तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते. यांचा मॉक म्हणजे ठरलेला पेपर, आणि त्यातले बरेच प्रश्न आदल्या लेक्चरमध्ये सोडवून घेतलेले. एमबीए डॉट कॉम या परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर दोन अधिकृत मॉक मोफत मिळतात. त्यातला पहिला दिला आणि स्कोअर धाडकन खाली आला. क्लास लावण्याआधीच तो द्या, आपण कुठे आहोत ते कळतं.

मी पैसे परत मागितले तेव्हा अट पुढे आली: शंभर टक्के हजेरी हवी. रेकॉर्डेड लेक्चरची हजेरी त्यांचं पोर्टल नोंदवतच नव्हतं!

वर समजूत घालायला म्हणून जादा पैशांत ‘परीक्षेत आलेले खरे प्रश्न’ देऊ केले. मी साफ नकार दिला. हा प्रकार पैसे बुडण्यापेक्षा भयंकर आहे. असे प्रश्न पुरवणाऱ्या स्कोअरटॉप या संकेतस्थळाविरुद्ध २००८ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने निकाल दिला, आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ८४ जणांचे स्कोअर रद्द करून बिझनेस स्कूलांना तसं कळवलं. वर्षभराची मेहनत आणि प्रवेश, दोन्ही हातचे जातात.

पावती, जाहिरातीतली कार्डं आणि अटींच्या पानाचे स्क्रीनशॉट जोडून मी बँकेकडे तक्रार केली आहे. अशा क्लासमध्ये तुमचे पैसे अडकले असतील तर अटींचं पान आजच जतन करा. माझी तक्रार गेल्यावर त्यांनी ते पान बदललं.