सुपरचार्जरवर ब्लोऑफ व्हॉल्व्ह? आधी थ्रॉटल कुठे आहे ते बघा

टर्बो गाडीत गिअर बदलताना ब्लोऑफ व्हॉल्व्ह (कोंडलेल्या हवेचा दाब सोडणारी झडप) उघडतो, त्याचा ‘फिस्स’ आवाज आपल्या सुपरचार्जरवाल्या (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंपाने हवा कोंबणाऱ्या) गाडीतूनही यावा, असं वाटणं साहजिक आहे. मलाही तो आवाज मनापासून आवडतो. पण व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी बॉनेट उघडा आणि एवढंच शोधा: थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरनुसार इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) हवेच्या वाटेत सुपरचार्जरच्या आधी आहे की नंतर? अर्ध्याहून जास्त निर्णय तिथेच होतो.

आधी असेल, तर ब्लोऑफ व्हॉल्व्हचा नाद सोडा. आर53 पिढीची मिनी कूपर एस घ्या, 2006 पर्यंत बनलेली. तिच्यात ईटन कंपनीचा एम45 हा रूट्स प्रकारचा (जोड रोटर फिरवून हवा ढकलणारा) सुपरचार्जर आहे आणि थ्रॉटल त्याच्या तोंडाशी बसवलेला आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सुपरचार्जरला हवाच मिळत नाही. त्याच्या पुढचा सगळा मार्ग, हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरसकट, व्हॅक्यूममध्ये जातो. कोंडलेला दाब नाहीच, तर व्हॉल्व्ह सोडणार काय? उलट हा व्हॉल्व्ह उघडतो तो मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलनंतर इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमने. म्हणजे तो नेमका अशा वेळी उघडेल, की बाहेरची हवा आत ओढली जाईल. आयडल (पाय काढल्यावरचा इंजिनाचा वेग) चढेल, आरपीएम लवकर उतरणार नाही आणि फिल्टर चुकवून आलेली धूळ थेट इंजिनात जाईल.

शिवाय या मिनीत कंपनीचा बायपास व्हॉल्व्ह असतोच. हलक्या पायाने चालवताना तो उघडा राहतो, हवा सुपरचार्जरच्या पुढून मागे फिरत राहते, रोटर विनाकारण दाब तयार करत नाहीत, हवा कमी तापते. कमी आरपीएमला गाडी पुढे-मागे झोके खात असेल (आर53वाले याला ‘यो-यो’ म्हणतात) तर पैसे या बायपासवर घाला. पुढच्या पिढीत टर्बो आला. त्या मिनीचा आवाज हिच्यात शोधू नका.

थ्रॉटल नंतर असेल, तर चित्र पूर्ण उलटं. मस्टँगवर बसवतात ते व्होर्टेक किंवा प्रोचार्जर या कंपन्यांचे सेंट्रिफ्युगल (पंख्यासारख्या चाकाने, म्हणजे इंपेलरने हवा दाबणारे) सुपरचार्जर असे असतात. थ्रॉटल मिटला तरी क्रँकशाफ्टचा पट्टा इंपेलरला फिरवतच राहतो, हवा बंद दारावर आदळून मागे उसळते. हाच सर्ज. याचा मार बेअरिंगवर आणि पट्ट्यावर बसतो. इथे व्हॉल्व्ह हवाच. प्रश्न फक्त हवा पुन्हा इनटेकमध्ये सोडायची की बाहेर.

हवा मोजणारा एमएएफ सेन्सर सुपरचार्जरच्या आधी असेल, तर हवा इनटेकमध्येच परत सोडा. ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) ती हवा मोजून तिच्या हिशेबाने पेट्रोल दिलेलं असतं. तीच बाहेर गेली की मिश्रण रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), सिग्नलला थांबताना इंजिन अडखळतं, कधी बंदही पडतं. सेन्सर व्हॉल्व्हच्या नंतर, थ्रॉटलजवळ असेल किंवा ट्यून (ईसीयूचं पेट्रोलचं गणित) मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरवर चालत असेल, तर बाहेर सोडायला हरकत नाही. आवाज हवाच असेल तर तो इथे मिळवा. फक्त त्या व्हॉल्व्हच्या तोंडावर छोटा फिल्टर लावा, कारण आयडलला उघड्या व्हॉल्व्हमधून हवा आतही येऊ शकते. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहणाऱ्यांनी आधी त्या पार्टला किंवा किटला कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, आहे का ते पाहावं, नाहीतर स्मॉग तपासणीत अडकाल.

टर्बोसाठी बनवलेला व्हॉल्व्ह तसाच उचलून इथे लावू नका. टर्बो आयडलला जवळजवळ दाब देत नाही, म्हणून तिथे कडक स्प्रिंग चालते, व्हॉल्व्ह मिटलेला राहिला तरी बिघडत नाही. सुपरचार्जर मात्र इंजिन चालू असेपर्यंत हवा ढकलतच असतो. त्याचा व्हॉल्व्ह आयडलला आणि सावकाश चालवताना उघडाच राहायला हवा, म्हणून स्प्रिंग मऊ लागते. व्हॅक्यूमची नळी थेट मॅनिफोल्डवरून, थ्रॉटलच्या पुढून (इंजिनाकडच्या बाजूने) घ्या. दुसऱ्या कशाशी वाटून घेऊ नका. बसवून झाल्यावर इंजिन आयडलला ठेवा आणि ती नळी व्हॉल्व्हवरून काढून तिच्या टोकावर बोट धरा. बोट ओढलं गेलं पाहिजे. नळी परत लावली की व्हॉल्व्ह उघडताना दिसायला हवा. तो हलला नाही, तर स्प्रिंग बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.