आईच्या चार कॅसेटी आणि सावंतवाडीतला फोटो स्टुडिओ

जुन्या व्हीएचएस कॅसेटी पेनड्राइव्हवर करून हव्या असतील तर सावंतवाडीत मोती तलावाकडून बाजारात शिरताना एक छोटासा फोटो स्टुडिओ लागतो, तिथे जा. बाहेर पाटी पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनची. कॅसेटचं काम होतं हे आत जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. मला ते वेंगुर्ल्याच्या गाडीतल्या कंडक्टरने सांगितलं, त्याच्या लग्नाची कॅसेट इथेच झाली होती.

माझ्या कॅसेटी लग्नाच्या नव्हत्या. चार कन्नड सिनेमे होते, चारही कल्पना या कन्नड नटीचे. हुबळीच्या मामाने नव्वदच्या दशकात टीव्हीवरून रेकॉर्ड करून आईला पाठवलेले.

आई मूळची कारवारची, आता ८४ वर्षांची आहे. १९५६ साली कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं तेव्हा ती चौदा वर्षांची. तोवर शाळा मराठीतून, घरात कोकणी. एकदम कन्नड लिपी गिरवायची वेळ आली आणि त्या वर्षी ती रोज रडली, असं आजी सांगायची. कन्नड तिला खरं आवडायला लागलं ते पुढे कल्पनामुळे. तिचं बोलणं इतकं स्वच्छ, एकेक अक्षर तोडून, की आई थिएटरातून घरी येऊन तिची वाक्यं आरशासमोर म्हणायची. बाईंनी शिकवलेलं व्याकरण तिच्या डोक्यात शिरलं नाही, पण कल्पनाचे संवाद तिला आजही पाठ आहेत.

कल्पना आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही, म्हणून थोडं सांगते. जन्म १९४३ चा, दक्षिण कन्नड जिल्ह्यातला, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या खालच्या टोकाचा. १९६३ मध्ये बी. आर. पंतुलूंच्या 'साकु मगळु'मधून ती पडद्यावर आली. दिग्दर्शक पुट्टण्णा कणगाल यांनी १९६७ मध्ये 'बेळ्ळी मोड' केला आणि तिथून ती कर्नाटकातल्या घराघरात पोचली. लोक तिला 'मिनुगु तारे' म्हणत, लुकलुकती चांदणी. बायका तिच्यासारख्या साड्या आणि तिच्यासारख्या बाह्यांचे ब्लाऊज शिवून घ्यायच्या. आईकडे एक फोटो आहे, त्यात तिच्या ब्लाऊजच्या बाह्या थेट कल्पनासारख्या.

तर कॅसेटी. त्या मी आधी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका दुकानात नेल्या होत्या. नाव घेत नाही. त्यांनी कॅसेट न उघडता, न तपासता थेट मशीनमध्ये घातली, फीत अडकली, ओढून काढली ती तुटली. वर मलाच म्हणाले की एवढं जुनं कशाला जपता. तुटलेली होती 'एरडु कनसु'. आई काही बोलली नाही, कॅसेट हातात घेऊन लोंबणारी फीत बोटाने आत ढकलत बसली. त्यानंतर आठ महिने मला कुणाच्या हातात बाकीच्या तीन द्यायचं धाडस झालं नाही.

सावंतवाडीच्या या पोराने (पस्तिशीचा असेल) आधी कॅसेटचं झाकण उचलून बॅटरीच्या उजेडात फितीची कड पाहिली. मला म्हणाला, "काकी, बुरशी हा. आदी साफ करूक व्हयी." कडेला पिठासारखी पांढरी भुकटी बसली होती. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या चपला हिरव्या होतात, तिथे फितीचं काय. त्याने समजावून सांगितलं की अशी कॅसेट तशीच लावली तर मशीनचं हेड घाण होतं आणि त्यानंतर लावलेल्या दुसऱ्याच्या कॅसेटलाही बुरशी लागते. म्हणून त्याने बुरशीवाल्या कॅसेटींसाठी एक व्हीसीआर वेगळाच ठेवलाय. खालचे पाच स्क्रू काढून त्याने माझ्यासमोर कॅसेट उघडली. फीत हळूहळू फिरवत मऊ कापडाने पुसायची, मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे घ्यायची, आणि तेव्हाच रेकॉर्डिंगला लावायची.

मी विचारलं, उद्या मिळेल का? "ह्या काम घाईचा नाय," म्हणाला. ते पटलंच. पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर नेल्यासारखं हे भरभर होत नाही. अडीच तासांचा सिनेमा अडीच तासच चालतो आणि तेवढा वेळ कुणीतरी पडद्याकडे लक्ष ठेवून बसावं लागतं. मला नऊ दिवस लागले. एका कॅसेटचे ३५० रुपये, साफसफाईसकट. पेनड्राइव्ह आपला न्यायचा.

तक्रारीची एकच गोष्ट. 'शरपंजर'मध्ये मध्यंतरानंतर आवाज मागे पडत होता, ओठ आधी हलायचे आणि शब्द नंतर यायचे. दुसऱ्या कुठल्या सिनेमात चाललं असतं, कल्पनाच्या नाही. फोन केला, त्याने वाद न घालता पुन्हा संपूर्ण कॅसेट लावली. जादा पैसे घेतले नाहीत. शिवाय फाईल ४ जीबीच्या वर गेल्यामुळे आमच्या टीव्हीवर चालेना, तर त्याने तिचे दोन भाग करून दिले. तुम्ही जाल तेव्हा हे आधीच सांगून ठेवा.

आता निकाल. 'गेज्जे पूजे' कृष्णधवल, ती सगळ्यात चांगली आली. गेज्जे म्हणजे घुंगरू. त्यांची पूजा करून मुलीला देहविक्रीच्या धंद्यात सोडायचं, आणि कल्पना झालीय शिकून लग्न करू पाहणारी तशा घरातली मुलगी. आपल्याकडच्या देवळांतून भाविणींची, म्हणजे देवाला वाहिलेल्या बायकांची, चाल होती, त्यामुळे आईला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. 'बयलु दारी'त आपला अनंत नाग आहे, कोवळा, १९७६ मधला. रंग जरा उडालेत, पण चेहरे स्वच्छ.

आणि 'शरपंजर'. १९७१ चा सिनेमा, कन्नड लेखिका त्रिवेणींच्या कादंबरीवरचा, कन्नडमधला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि कल्पनाला राज्य पुरस्कार. बाळंतपणानंतर मन बिघडलेली कावेरी इस्पितळातून बरी होऊन घरी येते, पण घरचे आणि शेजारीपाजारी तिला बरी मानायला तयार नसतात. त्रिवेणी स्वतः १९६३ मध्ये बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेल्या. ही कथा लिहिणारीच बाळंतपणानंतर गेली हे कळल्यापासून मला हा सिनेमा सलग बघवत नाही.

पण आईने बघितला. बुरशीमुळे वरच्या बाजूला एक पांढरी रेघ सारखी सरकते, ती पुसता आली नाही आणि त्याने ते आधीच सांगितलं होतं. रेघेखाली कल्पनाचा चेहरा. ती घरी परत आलीय, सगळ्यांशी हसून बोलतेय, आणि समोरचा माणूस आपल्याला घाबरतोय हे तिला कळतं. ओठांवरचं हसू तसंच राहतं, डोळे मात्र थांबतात. आई खुर्चीतून पुढे वाकली. "पळय गो, पळय," (बघ गं, बघ) एवढंच म्हणाली, आणि मग कल्पनाच्या बरोबरीने वाक्य बोलायला लागली. गेल्या वर्षभरात तिला नातवंडांची नावं आठवेनाशी झालीत. ते वाक्य पूर्ण आलं, एक अक्षर इकडेतिकडे नाही.

कल्पना मे १९७९ मध्ये संकेश्वरजवळच्या गोटूरच्या बंगल्यात गेली, अवघ्या ३५ व्या वर्षी. आंबोली, आजरा, गडहिंग्लज करत आमची गाडी संकेश्वरला पोचली की आई खिडकीकडे तोंड करून बसायची. लहानपणी मला वाटायचं गाडी लागली. कल्पनाच्या मरणाबद्दल लोक नाही नाही ते बोलतात, ते मी इथे लिहिणार नाही. तिने केलेलं काम या तीन फायलींत आहे.

चौथी, तुटलेली कॅसेट मी नुसती दाखवायला नेली होती. त्याने ठेवून घेतली. फीत जोडून दुसऱ्या रिकाम्या कॅसेटच्या खोक्यात बसवतो म्हणाला, पैसे जमलं तरच. परवा त्याचा फोन आला. चुरगळलेला तुकडा कापून टाकावा लागला, पण पुढची चाळीसेक मिनिटं दिसतायत, आवाजही आहे. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून मंगळवारच्या पहिल्या गाडीने जातेय. आईला सांगितलंय. तिने निळी साडी काढून ठेवलीय, तीही येतेय.