दहा दिवसांचं मौन की रोजचा हरिपाठ?

वडील गेल्यापासून मन थाऱ्यावर नाही, विपश्यनेला जाऊ की चाळीतल्या हरिपाठाला बसू, असं परळच्या मैत्रिणीनं विचारलं. ‘आयुष्य बदलेल’ वगैरे जाहिराती बाजूला ठेवून सांगते.

पैशाचा प्रश्नच नाही. विपश्यनेला शुल्क नसतं, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालतं. हरिपाठाला छोटी पुस्तिका पुरते.

वेळेचं मात्र बघ. इगतपुरी असो वा गोराई, शिबिर दहा दिवसांचं असलं तरी रजा बारा दिवसांची लागते. पहाटे चारला घंटा, मोबाइल जमा, बोलणं बंद. हरिपाठ अर्ध्या तासात होतो, लोकल उशिरा आली तर उरलेल्या अभंगांना बसायचं.

कष्ट खरे मौनाचेच. दिवसभर डोळे मिटून बसल्यावर दडपलेलं सगळं वर येतं आणि ताजं दुःख तर अंगावरच येतं. गंभीर मानसिक आजार असल्यास केंद्रंच शिबिर टाळायला सांगतात. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचार, अर्जात लपवू नकोस. टाळांच्या गजरात रडू आलं तर कुणी वळून बघत नाही.

टिकण्याचं म्हणशील, तर शिबिरानंतर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. विरारहून ये-जा करणाऱ्याला ते जमणं कठीण. हरिपाठ चुकला तर शेजारच्या काकू दार वाजवतात. (चौकशाही त्याच करतात!)

दुःख जुनं असेल, एकांत सोसत असेल, तर विपश्यना. घर खायला उठत असेल तर हरिपाठ. तू सध्या हरिपाठालाच बस.