हळदीची सुरुवात: कोळीगीताने की रिमिक्सने?

हळदीच्या रात्री डीजे पहिल्या २० मिनिटांत काय वाजवतो, त्यावर मांडव नाचणार की खुर्च्यांत बसून राहणार ते ठरतं. रायगडच्या आगरी-कोळी हळदीत हा प्रश्न येत नाही. तिथे लोक नाचायलाच आलेले असतात. प्रश्न पडतो तो दापोली, गुहागर, मालवणकडे. अर्धे पाहुणे गावचे, अर्धे मे महिन्यात आलेले चाकरमानी.

रिमिक्स हाताळायला सोपं. १२५ ते १३० बीपीएम (मिनिटाला ठोके), सगळं चार मात्रांचं, सिंक (दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवणारं बटण) बरोबर बसतं. पहिल्या ड्रॉपला, म्हणजे बीट जोरात पडतो तिथे, दहा-बारा पोरं मध्ये येतातच. पण ती गोल करून उड्या मारतात, आणि त्या गोलात बाहेरच्याला शिरायला जागा नसते. करवल्या कडेला उभ्या राहतात, मावश्या-काकू जेवायला उठतात. जेवून बसलेली बाई पुन्हा नाचायला उठलेली मला तरी क्वचितच दिसली. त्यात रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालचा नियम. हळद लागून, फोटो होऊन साडेआठ वाजले तर हातात दीड तास. त्यातला पाऊण तास दहा पोरांनीच नेला, तर बाकीच्या घराने नाचायचं कधी? माझा कौल इथेच कोळीगीताकडे फिरला.

कोळीगीत मिक्स करायला मात्र त्रास देतं. सहा मात्रांचा झुलता ठेका सॉफ्टवेअर बऱ्याचदा चुकीचा वाचतं आणि सिंक लावलं की दोन ठेके एकमेकांवर आपटतात. सिंक बंद ठेवा, ओळ संपते तिथे एको (आवाज घुमवणारा इफेक्ट) देऊन गाणं सोडा, पुढचं समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाका. चार मात्रांत बसवलेली कोळीगीतं टाळलेली बरी. त्यांतलं झुलणंच जातं आणि पायाला ठेका सापडत नाही. मूळ चालीवरची पावलं शाळेच्या गॅदरिंगपासून बहुतेकांच्या अंगात असतात. शिवाय हा नाच रांगेचा. रांगेच्या टोकाला कुणीही येऊन उभं राहू शकतं.

माइकवरून ‘सगळ्यांनी या’ म्हटल्याने कुणी उठत नाही. करवलीला आधीच सांगून ठेवा: दुसऱ्या गाण्याला नवऱ्याच्या आत्याचा हात धरून आण. नाचायच्या जागेवरचा हॅलोजन बंद करा, पार लाइट (रंगीत झोतदिवे) पुरतात. लख्ख उजेडात बायका लाजतात. जागा १५ बाय १५ फुटांचीच राखा, मोठ्या अंगणात सहा माणसं हरवल्यासारखी दिसतात. सब (बेसचा मोठा स्पीकर) म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांपासून लांब ठेवा आणि पहिली तीन गाणी बेस कमीच.

चार-पाच गाण्यांनंतर हलगीचा नुसता लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) टाकून चार मात्रांवर या, सव्वानऊला रिमिक्स सुरू करा. अलिबागच्या रिसॉर्टवर नवरानवरीच्या कॉलेजच्या मित्रांचाच ‘संगीत’चा कार्यक्रम असेल, तर रिमिक्सने सुरुवात केलेलीही चालेल. शेवटची दहा मिनिटं मात्र दोन्हीकडे कोळीगीताला राखा. पावणेदहाला कुणीतरी मागतंच.